नाताळच्या रात्री अकरा माणसांचे जेवण: टेबल कसे सजवावे?

गोदाकाठची

सप्रेम नमस्कार.

आमच्या धाकट्या मुलाचे लग्न गेल्या मे महिन्यात झाले. सून नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातली आहे. येत्या २५ डिसेंबरला सकाळी ती माहेरी जाऊन चर्चमधली उपासना करून येईल आणि रात्री तिचे आईवडील, आजी, भाऊ, भावजय आणि भावाची दोन मुले आमच्याकडे इंदिरानगरला जेवायला येतील. ती सात आणि आम्ही घरचे चार, अशी अकरा माणसे होतात. व्याही मंडळी सणाच्या दिवशी आमच्या घरी पहिल्यांदाच येत आहेत, त्यामुळे जेवणाइतकीच टेबलाचीही तयारी मनापासून करावी असे वाटते.

आमचे टेबल सहा जणांचे, म्हणजे पाच फूट बाय तीन फुटांचे आहे. गेल्या रविवारी मी एकदा रंगीत तालीम करून पाहिली. बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे सूचीपर्णी झाड मधोमध ठेवले, त्याभोवती बर्फासारखा कापूस पसरला, घंटा आणि चकाकते गोळे मांडले. दुरून ते छान दिसले, पण जेवायला बसल्यावर रश्श्याचे पातेले ठेवायला जागा उरली नाही आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहराही झाडाआड गेला. ते सगळे मी उतरवून ठेवले आहे आणि आता नव्याने विचार करते आहे.

माझ्या मनातले प्रश्न असे आहेत. माझ्या आईची येवल्याची जुनी पैठणी, लाल अंगाची आणि हिरव्या काठांची, माझ्याजवळ आहे. तिचा पट्टा करून टेबलाच्या मध्यभागी अंथरावा का? आमच्याकडे सणाला समई लागते. ती या टेबलाजवळ ठेवली तर पाहुण्यांना खटकेल का, की फक्त मेणबत्त्याच लावाव्यात? मटण, पुलाव, माझ्यासाठी भरली वांगी, पोळ्या आणि शेवटी केक असा बेत आहे आणि आम्ही सगळे हातानेच जेवतो, तेव्हा काटेचमचे मांडावेत का? आणि मुख्य म्हणजे, नाताळच्या टेबलावर ज्या गोष्टींना अर्थ असतो त्या कोणत्या आणि नुसत्या दुकानातल्या शोभेच्या कोणत्या, हे मला कळून घ्यायचे आहे. सुनेला विचारले तर ती संकोचाने “आई, तुम्ही जे कराल ते चांगलेच होईल” एवढेच म्हणते.

आगमनकाळ

ताई, आपण अर्थाचा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी नाशिकरोडला राहणारी, मराठी ख्रिस्ती घरातली निवृत्त शिक्षिका आहे.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आम्ही आगमनकाळ म्हणतो. या काळाची खूण म्हणजे हिरव्या पानांचे वर्तुळाकार कडे आणि त्यावरच्या चार मेणबत्त्या. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जायचे. कॅथलिक कुटुंबांत बहुधा तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते, आणि नाताळला मधोमध पांढरी मेणबत्ती लावतात. हॅम्बुर्ग शहरात गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ साली मुलांना नाताळपर्यंतचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ही पद्धत पसरली असे मानतात. कड्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही, ते देवाच्या अखंड प्रेमाचे चिन्ह आहे. पाने हिरवी का, तर हिवाळ्यातही न वाळणारी हिरवी फांदी म्हणजे टिकून राहणारे जीवन. तेव्हा आपल्या टेबलाच्या मध्यभागी एकच गोष्ट ठेवायची असेल, तर ती हे कडे असावे. त्यात २५ तारखेला पाचही मेणबत्त्या लावता येतील.

रंगांविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. दुकानांमुळे नाताळ म्हणजे लाल आणि हिरवा असे समीकरण झाले आहे आणि त्यात चुकीचे काहीच नाही. पण उपासनेत नाताळचा रंग पांढरा आणि सोनेरी असतो. पांढरी चादर, हिरवी पाने, पिवळ्या धातूची भांडी आणि लाल रंग अगदी थोडा, एवढ्यावर टेबल शांत आणि सणाचे दिसते. बाळ येशूची मूर्ती किंवा गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा, देखावा मात्र ताटावाट्यांमध्ये ठेवू नये. तो बाजूच्या टेबलावर किंवा खिडकीत, पाहुण्यांना आत येताच दिसेल अशा जागी असावा. घराबाहेर कागदी तारा लावलात तर विहीणबाईंना दारातच आपलेपणा वाटेल. दिवाळीचा आकाशकंदील चांदणीच्या आकाराचा असेल तर तोच चालेल.

समईबद्दल माझे मत स्पष्ट आहे, पण ते माझ्या घरापुरते आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही अभंग आणि कीर्तन यांच्याच वाटेने ख्रिस्ताविषयी लिहिले आणि सांगितले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म तर नाशिकजवळच्या जलालपूरचा. अशा परंपरेत वाढलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना समई परकी वाटत नाही. आमच्याकडे नाताळच्या फराळात करंज्या आणि शंकरपाळे असतात, तसेच हेही. तरीही सगळ्या घरांचे मत एक नसते. आपण विहीणबाईंना फोन करून साधेपणाने विचारावे. विचारले म्हणून कोणी दुखावत नाही, उलट आपल्याला विचारले याचे समाधान वाटते.

शेवटची विनंती अशी की जेवणापूर्वी प्रार्थनेसाठी दोन मिनिटे मोकळी ठेवा. पदार्थ वाढून झाले आहेत, मेणबत्त्या अजून लावायच्या आहेत, अशा वेळी घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीने, म्हणजे सुनेच्या आजीने, मधली मेणबत्ती लावावी आणि कोणीतरी प्रार्थना म्हणावी. त्या दोन मिनिटांसाठी काडेपेटी हाताशी असेल आणि आजींना उठून लांब हात करावा लागणार नाही, अशी त्यांची जागा ठरवा. टेबलाच्या सजावटीचा मी हाही एक भागच मानते.

वाढपी

मी अनेक वर्षे मेजवानीची मांडणी शिकवण्याचे काम केले आहे, म्हणून मोजमापांपासून सुरुवात करतो.

एका माणसाला टेबलाच्या कडेची किमान ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट जागा लागते. हाताने जेवणाऱ्या माणसाचा कोपर थोडा अधिक बाहेर येतो, म्हणून शक्य असल्यास दोन-तीन इंच जास्त धरावेत. आपल्या पाच फुटी टेबलाच्या प्रत्येक लांब बाजूला दोन आणि टोकांना एकेक अशी सहा माणसे बसतात. तेवढ्याच रुंदीचे घडीचे टेबल मिळवून त्याला जोडले आणि एकूण लांबी दहा फूट झाली, तर प्रत्येक लांब बाजूला पाच आणि एका टोकाला एक अशी अकरा माणसे नेमकी बसतील. दुसरे टोक स्वयंपाकघराच्या बाजूला मोकळे ठेवा, तिथून वाढायला सोपे जाते. घडीचे टेबल बहुधा इंच-दीड इंच बुटके असते. त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून दोन्हींची उंची सारखी करा आणि ते डगमगत नाही हे आदल्या दिवशीच पाहा, कारण सांध्यावर ठेवलेला पेला नेमका भर जेवणात कलंडतो.

चादर टेबलाच्या कडेवरून सर्व बाजूंनी ८ ते १२ इंच लोंबावी. त्याहून लांब असली तर मांडीत येते आणि मुले ती ओढतात. दहा फुटांचे एकसंध कापड घरात नसते, म्हणून दोन पांढऱ्या सुती चादरी घ्या, एकीवर दुसरी सहा इंच चढवा आणि तो जोड मधल्या पानांच्या पट्ट्याखाली जाऊ द्या. चादरीखाली जुनी सोलापुरी चादर अंथरली तर भांड्यांचा आवाज होत नाही आणि वरच्या कापडाला भरीवपणा येतो. हळदीच्या डागांची भीती बाळगू नका. साबणाने तो डाग आधी लाल दिसतो, पण कापड धुऊन कडक उन्हात वाळवले की हळद फिकट होत जाते, आणि डिसेंबरात नाशिकला ऊन भरपूर असते.

मधली सजावट एक तर डोळ्यांच्या रेषेखाली असावी किंवा तिच्या बरीच वर. बसल्यावर समोरच्याचा चेहरा दिसायला हवा, म्हणून कडे आणि पाने १० ते १२ इंचांपेक्षा उंच नकोत. आपल्या तालमीत नेमकी हीच अडचण आली. दुसरी अडचण जागेची होती, आणि तिच्यासाठी माझा आग्रह असा आहे की पातेली टेबलावर आणूच नका. मटण, पुलाव, वांगी ओट्यावर किंवा बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवा आणि पंगतीसारखे फिरून वाढा. आपल्याकडे वाढणे हेच आदरातिथ्य आहे. त्यामुळे यजमानांपैकी दोघे आळीपाळीने उठतील आणि टेबल सजावटीसाठी मोकळे राहील. टेबलावर फक्त लिंबू, मीठ, कोशिंबीर आणि पाण्याचे जग असे थोडकेच राहू द्या.

आता काटेचमच्यांचा प्रश्न. पाश्चात्त्य मांडणीत काटा डावीकडे, सुरी आणि चमचा उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे आणि पेला सुरीच्या टोकापाशी असतो. ही मांडणी काट्यासुरीने जेवणाऱ्यांच्या हातांच्या हालचालीतून आलेली आहे. आपला हात वेगळा चालतो. उजवा हात खरकटा असतो, म्हणून आमच्या घरी पाण्याचे भांडे नेहमी डावीकडे ठेवतात. वाट्या उजवीकडे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, ही ताटाची घडी तशीच ठेवा. पेला डाव्या हाताला, चमचा ताटाच्या उजवीकडे आणि केकसाठीचा छोटा काटा ताटाच्या वर आडवा, एवढे पुरे आहे. न वापरायची सुरी केवळ दिखाव्यासाठी मांडली तर ती जागा अडवते आणि वयस्कर पाहुण्यांना उगाच अवघडल्यासारखे होते. केकच्या आधी कोमट पाणी आणि लिंबाची फोड घातलेल्या वाट्या हात धुण्यासाठी फिरवा, म्हणजे कोणाला मध्येच उठावे लागणार नाही.

डिसेंबरातला नाशिकचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आठच्या जेवणाला बाहेर पूर्ण अंधार असेल, तेव्हा छतावरची पांढरी ट्यूब बंद ठेवून बाजूचे पिवळसर दिवे आणि मेणबत्त्या एवढ्याच उजेडात जेवण वाढता येते का, हे आदल्या रात्री पाहा. माशाचा बेत असता तर मी काट्यांसाठी मोठा दिवा लावा असे सांगितले असते. मेणबत्त्या बिनवासाच्या घ्या. व्हॅनिला किंवा गुलाबाचा वास मटणाच्या वासात मिसळला की दोन्ही बिघडतात.

निफाडची_थंडी

एक छोटी पण गंभीर सूचना. मेणबत्त्यांजवळ कापूस अजिबात पसरू नका. तो ठिणगीने क्षणात पेट घेतो, आणि घरात दोन लहान मुले असणार आहेत. बर्फाचा भास हवाच असेल तर तबकात जाडे मीठ किंवा तांदूळ पसरून त्यावर काचेच्या पेल्यातली मेणबत्ती ठेवावी. वात पाव इंचाची कापून घेतली तर ज्योत लहान राहते आणि काजळी धरत नाही. पंखा तर आपण थंडीमुळे लावणारच नाही, पण खिडकीची फट मात्र बंद करा.

वेलमांडव

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. आगमनकाळ यांनी सांगितलेल्या कड्यासाठी बाजारातून काहीच आणायला नको, ते द्राक्षाच्या काड्यांचे उत्तम होते.

ऑक्टोबरच्या फळछाटणीत पक्व काड्यांचे शेंडे छाटून टाकतात. बहुतेक शेतकरी त्यांचा बारीक चुरा करून बागेतच खत म्हणून टाकतात, पण बांधावर थोड्याफार पडलेल्या असतात आणि मागितल्या तर कोणीही देतो. वाळलेली काडी लगेच वाकवली तर तुटते. ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, सकाळी लवचीक होते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच काड्या एकत्र घेऊन फूट-सव्वा फूट व्यासाचे वर्तुळ करावे, उरलेल्या काड्या त्याभोवती पिळ्यासारख्या गुंडाळाव्यात आणि तीन-चार ठिकाणी सुतळीने बांधावे. दोन दिवस सावलीत वाळू दिले की आकार कायमचा धरते. बागेत औषधफवारणी झालेली असते, म्हणून काड्या आधी वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून घ्याव्यात. वाळलेले लाकूड पेट घेऊ शकते, त्यामुळे मेणबत्त्या काड्यांवर थेट न रोवता काचेच्या छोट्या पेल्यांत, कड्याच्या आतल्या बाजूला ठेवाव्यात.

कड्यात खोवायला सुरू, मोरपंखी आणि सिल्व्हर ओकची पाने चांगली. सिल्व्हर ओकच्या पानाची मागची बाजू चंदेरी असते, ती वर करून लावली तर वेगळी चकाकी आणावी लागत नाही. कण्हेर आणि बिट्टी मात्र टेबलाजवळ आणू नका. रस्त्याच्या कडेला सहज मिळतात आणि हिरवीगार दिसतात, पण दोन्ही विषारी आहेत. पॉइन्सेटियाचा लाल भाग म्हणजे फूल नसून रंगीत पाने असतात. त्याचा चीक त्वचेला खाजवतो, म्हणून ते तोडून वापरण्याऐवजी कुंडीतच ठेवावे आणि कुंडी गव्हाणीच्या देखाव्याशेजारी ठेवावी.

गुलाब हवे असतील तर आमच्या भागात, जानोरी-मोहाडीकडे, पॉलिहाउसमधले डच गुलाब भरपूर होतात. नाशिकच्या फूलबाजारात सकाळी लवकर गेलात तर पांढरी शेवंतीही ताजी मिळेल. घरी आल्यावर देठ तिरपे कापा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाका आणि सगळी फुले तीन-चार तास बादलीभर पाण्यात अंधाऱ्या, गार जागी ठेवा. मग रचलीत तर रात्री उशिरापर्यंत मान टाकत नाहीत. निशिगंध टाळा, त्याचा वास जेवणावर चढतो. गुलाबांवरही फवारे मारलेले असतात, म्हणून पाकळ्या ताटात, भातावर किंवा केकवर कृपया पसरू नका. हे मी स्वतः गुलाब पिकवणाऱ्या शेजाऱ्यांना विचारून लिहितो आहे.

फुले ठेवायला वेगळी फुलदाणी घेऊ नका. घरात तांब्याचे किंवा पितळेचे घंगाळ असेलच. चिंच-मिठाने घासून त्यात स्वच्छ दगड आणि पाणी घाला. दगडांमध्ये देठ छान उभे राहतात आणि फुलवाल्यांकडचा तो हिरवा स्पंज लागत नाही. सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी डिसेंबरात येऊ लागते. एका पितळी वाटीत ती पानांसकट ठेवली, तर लाल रंगाची गरज तिथेच भागते आणि जेवणानंतर खाताही येते.

जरीकाठ

पैठणीविषयी. आमचे घराणे येवल्याचे आहे, त्यामुळे कळकळीने लिहिते की ती कापू नका. टेबलावर अंथरूही नका. जुन्या पैठणीच्या जरीत चांदी असते. तेलकट रस्सा किंवा मेण पडले तर ती घरी धुता येत नाही, आणि घासली तर रेशमाचा ताणा सैल होतो. सुती कापडावर मेण पडले तर बर्फाने घट्ट करून खरवडता येते, उरलेल्या डागावर टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवता येते. पैठणीवर यातले काहीही करण्याची हिंमत मी करणार नाही.

पण आपल्या आईची आठवण त्या दिवशी घरात असावी, ही भावना मला समजते. गव्हाणीच्या देखाव्यामागच्या भिंतीवर ती उभी सोडा, पदर समोर येईल अशी. खाली ज्योत नसावी आणि खिळा न ठोकता गोल दांडीवरून सोडावी. टेबलापासून चार हात दूर असली तरी खोलीत शिरणाऱ्याची नजर प्रथम तिथेच जाईल.

गोदाकाठची

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. आज २७ तारीख आहे, त्यामुळे काय झाले ते सांगते.

विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, समई अवश्य लावा, आमच्या आजींच्या माहेरीही असे. म्हणून ती गव्हाणीच्या उजव्या बाजूला, पैठणीपासून पुरेशी लांब ठेवली आणि टेबलावर फक्त कडे ठेवले. काड्या मुलाने मोहाडीच्या मित्राकडून आणल्या. कडे सुनेने आणि मी मिळून केले. तिने त्या वेळी प्रथमच मोकळेपणाने सांगितले की लहानपणी त्यांच्या घरी पुठ्ठ्याचे कडे असे आणि गुलाबी मेणबत्ती कोणी लावायची यावरून दोघा भावंडांत दरवर्षी वाद होत असे. ते ऐकल्यावर मी आणलेल्या पाच पांढऱ्या मेणबत्त्यांपैकी चार बाजूला ठेवल्या आणि तीन जांभळ्या, एक गुलाबी मिळवण्यासाठी दुपारी पुन्हा बाजारात गेले.

घडीचे टेबल दीड इंच नव्हे, पावणेदोन इंच बुटके निघाले. ठोकळ्यांवर जाड पुठ्ठा घालून भागवले. पेले डावीकडे ठेवल्याचे व्याह्यांच्या लगेच लक्षात आले आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. एक गोष्ट मात्र जमली नाही. ट्यूब बंद केल्यावर आजींना ताटातले नीट दिसेना, म्हणून त्यांच्या मागचा दिवा जेवणभर चालू ठेवला आणि तेच योग्य झाले.

आजींनी मधली मेणबत्ती लावली. प्रार्थना व्याह्यांनी म्हटली, मराठीत, आणि त्यात आमच्या घराचे नाव घेतले. मग मी आणि मुलाने वाढायला सुरुवात केली. स्ट्रॉबेरीची वाटी लहान मुलांनी जेवणाआधीच रिकामी केली होती, ती पुन्हा भरून ठेवली.

सुकलेली पाने काढून कडे आता वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. पुढच्या वर्षी ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच खाली काढायचे, असे सुनेने सांगितले आहे. वेलमांडव यांना एक विचारायचे राहिले: वर्षभरात या काड्यांना कीड लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवला तर पुरेल का?